खड्डेमामांचं पेन

मामांच्या शर्टाच्या खिशाला कायम एक निळं पेन लावलेलं असायचं, पण त्याचं टोपण निघालेलं मी बारा आठवड्यांत तीनदाच पाहिलं. बाकी सगळा कारभार पेन्सिलीवर. मापं पेन्सिलीनं, बेरजा पेन्सिलीनं, विटांचा आणि गजाचा अंदाज पेन्सिलीनं, घरी न्यायच्या भाजीची यादीसुद्धा पेन्सिलीनंच. "पेन्सिल म्हंजी मला वाटायलंय," ते सांगायचे, "आन पेन म्हंजी मी डोळ्यानं बघितलंय." मला नेमकी त्या पेनाचीच गरज होती. त्या हिवाळ्यात मी घड्याळापेक्षा मामांच्या खिशाकडे जास्त वेळा पाहिलं असेल.

त्यांचं नाव किशनराव. पण परभणीत त्या नावानं हाक मारली असती तर त्यांनीही वळून पाहिलं नसतं. एका गुत्तेदाराच्या, म्हणजे बांधकामाच्या ठेकेदाराच्या, ऑफिसात ते इस्टिमेटचं काम बघायचे. म्हणजे इमारत उभी राहायच्या आधी खोदकाम किती, विटा किती, लोखंड किती, माणसं किती आणि दिवस किती, हे कागदावर मांडायचं. साठी उलटलेली, अंगानं काटकुळे, शिक्षण सातवी. तरुणपणी विहिरी खोदायच्या टोळीत होते. कुठल्याही नव्या जागेवर गेले की नमस्कार-चमत्काराच्या आधी "खड्डा कुठं घ्यायचा?" हे विचारायचे, म्हणून खड्डेमामा. मालकापासून गवंड्यापर्यंत सगळे त्यांना याच नावानं ओळखायचे, आणि मामांना त्यात काही वावगं वाटायचं नाही.

मी त्यांच्याकडे पोचले ती नाइलाजानं. ऑस्ट्रेलियात बांधकाम व्यवस्थापन शिकत होते. अभ्यासक्रमाची अट अशी की एखाद्या बांधकाम कंपनीत चारशे ऐंशी तासांची इंटर्नशिप केल्याशिवाय पदवी नाही, आणि पदवी नाही तर पुढचा व्हिसा नाही. तिथल्या कंपन्यांची अट अशी की तिथल्या कामाचा अनुभव असल्याशिवाय इंटर्नशिप नाही. मी सत्तरेक अर्ज केले. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. एकीनं लिहिलं, की परदेशी विद्यार्थ्यांसाठी सध्या जागा नाही, पण तुमच्या पुढील प्रवासास शुभेच्छा. कसला प्रवास, परतीचा? शेवटी कॉलेजच्या समन्वयक बाईंनी सवलत दिली. स्वतःच्या देशात करा, मात्र रोजच्या तासांची नोंद हवी, कामाचा अहवाल हवा आणि शेवटी पर्यवेक्षकाचं सहीचं पत्र हवं. माझे वडील शाळेत क्लार्क, गुत्तेदार त्यांच्या ओळखीचा. नोव्हेंबरात मी परभणीला परत आले. विद्यापीठाचं नाव छापलेला टी-शर्ट घालून मी त्या ऑफिसात शिरले, आणि मामांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "चपला चांगल्या दिसायल्यात. खराब व्हतील."

गुत्तेदारानं माझे पर्यवेक्षक म्हणून मामांनाच नेमलं. पहिली सही रुजू होण्याच्या फॉर्मवरची. चार पानांचा इंग्रजी फॉर्म होता. मी म्हटलं, मामा, शेवटच्या पानावर फक्त सही करा. त्यांनी चष्मा लावला आणि म्हणाले, "वाच. मराठीत वाच." दहा वाजता बसलो ते एक वाजता उठलो. विम्याचं कलम, सुट्टीचं कलम, तक्रारीचं कलम, एकही ओळ त्यांनी सोडू दिली नाही. एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. विद्यार्थ्याच्या कामाची जबाबदारी पर्यवेक्षकाची राहील, अशी ती ओळ होती.

"जबाबदारी म्हंजी किती?"

"मामा, असंच लिहायचं असतं. नुसतं आपलं लिहायचं म्हणून."

"नुसतं कसं लिहितेत? तू चुकलीस की मी चुकलो, असंच ना?"

मी हो म्हटलं. त्यांनी टोपण काढलं आणि एकेक अक्षर बसवत सही केली. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. एका सहीला तीन तास, तर चारशे ऐंशी तासांना काय होणार होतं? ते तीन तास मी 'कार्यालयीन प्रशिक्षण' या रकान्यात टाकले.

साइटवर मामांचा एक नेम ठरलेला असायचा. चपला काढायच्या, खड्ड्यात उतरायचं, तळाची मूठभर माती घ्यायची, तिची गोळी वळायची आणि पाण्याच्या पेल्यात टाकून चहा पीत बसायचं. गोळी तशीच राहते की विरघळते, कशी विरघळते, हे बघेपर्यंत कुणी बोलायचं नाही. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर उभी केलेली भिंत मग तिच्या मर्जीनं वागते. खाली घट्ट मुरूम लागेपर्यंत पाया न्यावा लागतो. मुरूम कुठे पाच फुटांवर, कुठे बारा फुटांवर. मी लॅपटॉप उघडून पाच मिनिटांत सगळ्या इमारतीचं खोदकाम काढून दाखवायची. मामा ते मनापासून कौतुकानं बघायचे. "लय हुशार हाय," म्हणायचे, "ह्याला खड्ड्यात उतरता येतं का?"

दुसरा नेम मला जास्त छळायचा. खड्डा झाला की मामा गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईचं घर विचारत जायचे. तिच्या ओसरीवर बसायचं, नातवंडांची नावं ऐकायची, कोण कधी वारलं ते ऐकायचं, आणि मग हळूच विचारायचं, "मावशे, तुमी नव्या नवरी आल्या तवा पानी कुठून आनायच्या?" पोखर्णीला एका धान्याच्या गोदामाचं काम होतं. तिथल्या म्हातारीनं सांगितलं की मागच्या कोपऱ्यात पावसाळाभर गुडघ्याएवढं पाणी थांबायचं, गावातल्या बायका हंडे घेऊन वरच्या अंगानं जायच्या. आम्ही तिथे वेगळा खड्डा घेतला. बाकी जागेत पाच फुटांवर मुरूम, तिथे नऊ. माझ्या लॅपटॉपवर सगळीकडे पाचच होते. मी आकडे बदलत बसले आणि मामा म्हणाले, "बाप्ये रानात जातेत, लेकरं शाळंत जातेत. पानी बाईनं वाहिलेलं असतंय. तिच्या पायाला सगळं गाव ठावं असतंय."

हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मुकादम असताना त्यांनी स्वतःच्या अंदाजावर उभी केलेली पहिली भिंत एका पावसाळ्यात वरपासून खालपर्यंत चिरली होती. लोक बघायला जमले, त्यात एक म्हातारी म्हणाली, मला इचारलं असतं तर सांगितलं असतं. तेव्हापासून ऑफिसच्या पाहणीच्या छापील कागदावर, दहा ओळींच्या खाली, मामांनी हातानं अकरावी ओळ घातली: 'गावात विचारपूस केली का? कोणाला केली?' पुढे त्याच कागदाच्या झेरॉक्स निघत राहिल्या, आणि मामांचं वेडंवाकडं अक्षर प्रत्येक इमारतीच्या कागदपत्रांत जाऊन बसलं.

या चहापानाचे तास कुठल्या रकान्यात लिहायचे, हा माझा रोजचा प्रश्न. शेवटी मी 'हितसंबंधितांशी सल्लामसलत' असं भारदस्त इंग्रजीत लिहून टाकलं. समन्वयक बाई बेहद्द खूश झाल्या. मी मात्र आतून चरफडत होते. आठवडे सरत होते, अहवाल अर्धा होता, आणि मी एका ओसरीवर बसून कुणाच्या तरी व्याहीभोजनात काय काय होतं ते ऐकत होते.

पाचव्या आठवड्यात मामांना चिकनगुनिया झाला. सांधे असे धरले की त्यांना पेलाही उचलवेना. नेमकं त्याच वेळी राणीसावरगावचं काम आलं. गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी मुलांसाठी अभ्यासिका बांधायला जागा दिली होती, आणि त्यांना काम लगेच हवं होतं. गुत्तेदार म्हणाला, तू जा. मामांनी फोनवर तीनदा बजावलं, "खड्डे तीन. आन अकरावी ओळ इसरू नको."

त्या दिवशी अकरा वाजता समन्वयक बाईंबरोबर माझा मधल्या टप्प्याचा आढावा होता, व्हिडिओ कॉलवर. तो चुकला तर इंटर्नशिप तिथेच थांबली असती. गावात नेटवर्क येऊन-जाऊन होतं, म्हणून गंगाखेडला परतणं भाग होतं. मी दोन खड्डे घेतले. दोन्हीकडे पाच फुटांवर झकास पिवळा मुरूम. तिसरा घेतलाच नाही. म्हातारीचं घर विचारलं. पारूबाई, देवळामागं, असं कुणीतरी सांगितलं. गेले, तर दाराला कुलूप. शेजारी चौकशी केली असती तर ती कुठल्या रानात आहे ते कळलं असतं. मी घड्याळ पाहिलं, कागद गुडघ्यावर ठेवला आणि अकराव्या ओळीवर लिहिलं: होय. पारूबाई.

संध्याकाळी मामांचा फोन आला. "काय म्हनली पारूबाई?"

"काही नाही मामा. सगळीकडे मुरूमच आहे म्हणाली."

"बरं झालं," ते म्हणाले. आवाज तापानं ओढलेला होता. इतकं सोपं खोटं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते, आणि त्याचं मला तेव्हा काही वाटलंही नाही. उलट अहवालाचं एक प्रकरण संपलं म्हणून मी रात्री निवांत झोपले.

नवव्या आठवड्यात काम सुरू झालं. जानेवारीची सकाळ, हरभऱ्याच्या रानावर अजून दव होतं. पांढऱ्या फक्कीनं आखलेल्या रेघांवर जेसीबी खोदत होता. मामा हिंडू-फिरू लागले होते, काठी टेकत बांधावर उभे होते. ईशान्येच्या कोपऱ्यात मशीननं चार फूट खणलं आणि बादलीतून राख, खापऱ्या, जुने दगड यायला लागले. मामा एकदम पुढे झाले. त्यांनी हात वर केला, पण तोवर आमच्या टोळीतला बबन कडा साफ करायला फावडं घेऊन खाली उतरला होता. त्याच्या पायाखालची जमीन आवाज न करता खाली गेली. बबन छातीपर्यंत आत गेला आणि वरून माती घसरायला लागली.

"मशीन बंद कर," मामा म्हणाले. ओरडले नाहीत. "मशीन बंद कर, आन कोनी कडेला येऊ नका. बबन, हालू नको. हात वर धर."

सेंटरिंगच्या लांब फळ्या खड्ड्यावर आडव्या टाकल्या. फळीवर जायला हलकं माणूस पाहिजे होतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पालथी पडून फळीवरून सरकत गेले. दोर बबनच्या काखेतून घालायचा होता. त्याच्या तोंडावर माती होती आणि तो सारखा म्हणत होता, "ताई, पाय कशात तरी अडकलाय." दर वेळी माती घसरली की तो बोटभर खाली जायचा. मामा दुसऱ्या फळीवर आडवे झाले होते, त्या सुजलेल्या सांध्यांनी त्यांनी बबनचं मनगट धरलं होतं, आणि त्याला त्याच्या बायकोचं माहेर कुठलं ते विचारत होते. बबन उत्तर देत होता. अर्धा तास गेला असेल. मला तो अख्खा दिवस वाटला. गावातल्या लोकांनी दोर ओढला, बबन वर आला, आणि त्याचा उजवा पाय मांडीपासून नको तिकडे वळलेला होता.

त्याला जीपमध्ये घालून गंगाखेडच्या दवाखान्यात पाठवलं. लोक खड्ड्याभोवती कोंडाळं करून उभे होते. त्यांच्यातून एक वाकलेली म्हातारी पुढे आली.

"हितं आड व्हता," ती म्हणाली. "माझं लगीन झालं तवा सगळी गल्ली ह्याच आडावर पानी भरायची. नळ आल्यावर बुजवला. मला कोनी इचारलं बी न्हाई."

"तुमचं नाव काय, मावशे?" मामांनी विचारलं.

"पारू."

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी अंगावरची माती झटकली, चपला घातल्या आणि ते रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. परतीच्या वाटेवर दुसऱ्या जीपमध्ये ते माझ्या शेजारीच होते. गंगाखेड मागे पडल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"त्या दिशी घर बंद व्हतं का?"

"कुलूप होतं, मामा."

"मग कुलूप व्हतं असं लिहायचं ना, पोरी."

दुसरी सही दुसऱ्या दिवशी गुत्तेदाराच्या टेबलावर झाली. गुत्तेदारानं घडलेलं लिहून मागितलं होतं. मी रात्रभर ठरवलं होतं की चूक माझी, हे मी सांगणार. सकाळी खुर्चीवर बसले. पदवी, व्हिसा, वडिलांचा चेहरा, सगळं आठवलं. मी गप्प राहिले. ते गप्प राहणं मला आजही छळतं, त्या खोट्यापेक्षाही जास्त. मामांनी कागद ओढला, टोपण काढलं आणि लिहिलं: विचारपूस झालेली नाही. कागदावर झाली असे आहे. पर्यवेक्षक मी आहे. खाली सही. गुत्तेदार वाईट माणूस नव्हता, बबनच्या दवाखान्याचं सगळं त्यानं पाहिलं. पण तो मामांना म्हणाला, आता तुम्ही घरी आराम करा. मामांनी खुंटीवरचा ओळंबा आणि पेन्सिलींचा डबा पिशवीत टाकला आणि पेडगावची बस धरली.

मग गुत्तेदारानं मला आत बोलावलं. कॉलेजच्या नियमात पर्यवेक्षकाच्या ऐवजी कंपनीच्या प्रमुखाचं पत्रही चालत होतं. "मामांचं राहू दे," तो म्हणाला, "पोरीचं नुकसान नको." आणि चारशे ऐंशी तास पूर्ण, काम उत्कृष्ट, असं छापील पत्र त्यानं सही-शिक्क्यानिशी माझ्या हातात ठेवलं. त्या दिवशी माझे तीनशे अडुसष्ट तास झाले होते, आणि कॉलेजच्या नोंदीत माझे पर्यवेक्षक अजून मामाच होते.

ते पत्र मी चार दिवस बॅगेत घेऊन फिरले. पाचव्या दिवशी पेडगावला गेले. माफी मागायला गेले होते, असं सांगायला बरं वाटेल. पण मामा मला घराबाहेर काढतात का, हे बघायलाही गेले होते. त्यांनी हाकललं असतं तर बॅगेतलं पत्र वापरायला मोकळी झाले असते. मामा अंगणात तूर पाखडणाऱ्या मामींशेजारी बसून खडे वेचत होते. मी बोलायला सुरुवात केली तसं त्यांनी हातानं थांबवलं.

"तास किती राहिले?"

"एकशे बारा."

"मग उद्यापासून ये. नऊला, परभणीच्या स्टँडवर."

"कुठं जायचं, मामा?"

"पारूबाईकडं. कुलूप हाय का बघून येऊ."

पारूबाईनं मला पाहिल्याबरोबर "आता आलीस व्हय?" असं विचारलं आणि नंतर दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मी ओसरीवर बसून राहिले. मामा मला पेन्सिल टोकदार करून द्यायचे. तिसऱ्या दिवशी ती उठली, काठी घेतली आणि चालायला लागली. मागे तिच्या वयाच्या आणखी चौघीजणी आल्या. हितं आड, हितं धुण्याचा दगड, हितं बारव, तिच्यात एकीचा हंडा पडला तो निघालाच न्हाई. पंधरा दिवस आम्ही टेप धरून त्यांच्या मागे फिरलो. त्या भांडायच्या, एकमेकींना खोडून काढायच्या, आणि मग एकमतानं काठी टेकवायच्या. राणीसावरगावचे सात बुजलेले आड आणि एक बारव मी नकाशावर मांडली. तो नकाशा गुत्तेदारानं मुकाट्यानं घेतला, अभ्यासिकेची आखणी बारा फूट सरकवली आणि काम पुन्हा सुरू झालं. मामांना मात्र त्यानं परत बोलावलं नाही.

तिसरी सही माझ्या पत्रावर. मजकूर मामांनी मराठीत सांगितला, मी इंग्रजीत लिहिला, मग त्यांनी तो माझ्याकडून परत मराठीत वाचून घेतला. त्यात लिहिलं होतं: ह्या मुलीने एका गावात न विचारता विचारले असे लिहिले. त्यामुळे एक माणूस जखमी झाला. नंतर तिने त्या गावातले सात आड शोधले. तिचे माप बरोबर असते. टोपण काढून त्यांनी सही केली. खाली एक छापील चौकट राहिली होती. या विद्यार्थ्याला कामावर ठेवण्याची शिफारस कराल का? हो असेल तर खूण करा.

मामांनी पेन चौकटीवर नेलं आणि परत टोपण लावलं.

"हे मला आज न्हाई सांगता येत. बबन चालू दे, मग इचार."

"मामा, शुक्रवारी शेवटची तारीख आहे. बबनला सहा महिने लागतील."

"मग सहा महिन्यांनी इचार. कागद हितं ठेव, तू त्येचा फोटो ने."

शुक्रवारी सकाळी घरच्या टेबलावर दोन पत्रं होती. एकात सगळे तास, सगळी स्तुती, सगळ्या चौकटी भरलेल्या. दुसऱ्यात माझं खोटं, बबनचा पाय आणि एक रिकामी चौकट. साडेअकराला कॉलेजचं पोर्टल बंद होणार होतं. वडील मागे उभे होते. त्यांनी दोन्ही वाचली आणि ते चहा करायला आत गेले. मला धीट म्हणू नका. मी दोनदा गुत्तेदाराचं पत्र निवडलं आणि दोनदा काढलं. मग डोळ्यांपुढे मामांची सुजलेली बोटं आली, बबनच्या मनगटाभोवती आवळलेली, आणि मी मामांचं पत्र पाठवून दिलं.

व्हायचं ते झालं. कॉलेजनं चौकशी बसवली. समन्वयक बाईंनी विचारलं, शिफारशीची चौकट रिकामी का? मी म्हटलं, ते नंतर सांगणार आहेत. खोट्या नोंदीबद्दल एकशे वीस तास रद्द झाले, ते पुन्हा करावे लागले, पदवी एक सत्र लांबली आणि व्हिसासाठी मी तीन महिने जीव मुठीत धरून बसले. ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या कंपनीनं अखेर कामावर घेतलं. त्यांच्याकडे मी जुन्या इमारतींची दारं मोजायची.

बबन कुबड्या टाकून चालायला लागल्याचं वडिलांकडून कळलं, तेव्हा मी मामांना फोन केला. "मामा, बबन चालायलाय म्हणे. आता खूण कराल?"

"कोन म्हनलं चालायलाय?"

"बाबा म्हणाले."

"तुझ्या बाबांनी बघितलं असंल. मी न्हाई बघितलं आजून." आणि मग नेहमीसारखं, जेवलीस का, तिकडं माती कशी हाय.

ते आमचं शेवटचं बोलणं. पुढच्या हिवाळ्यात मी परभणीला आले, त्याच्या चार महिने आधी मामा गेले होते. झोपेत गेले, कुणाला काही न सांगता. मला वेळेवर कळवलं नाही म्हणून मी वडिलांवर चिडले आणि तशीच पेडगावला गेले. मामींनी मला जवळ बसवलं, पाणी दिलं. दोघी बराच वेळ रडलो. मग त्या आत गेल्या आणि पेन्सिलींच्या डब्याखाली घडी करून ठेवलेला कागद घेऊन आल्या. माझं पत्र होतं. मी चौकटीकडे पाहिलं. तिच्यात खूण होती, निळ्या शाईची, ठसठशीत.

"जायच्या आधी आठ दिवस बबन आलता भेटाय," मामी म्हणाल्या. "फाट्यापासून चालत आलता. मी म्हनलं, बघा, आलं की पोरगं चालत, करा आता पोरीची खूण. तर न्हाई. म्हनले, दारातून आत येताना मी बघितलं न्हाई, मी आंघोळीला व्हतो. त्या बबनला त्यांनी अंगनात दोन येरझारा घालाय लावल्या. मगच पेन काढलं."